निकाल न लागलेले वस्ताद

वस्तादांची निवड चाचणी चार वर्षं चालली. इतकी लांबलेली चाचणी दुसऱ्या कुठल्या नाटकमंडळीनं घेतली असेल असं मला वाटत नाही. आम्हीही ती मुद्दाम लांबवली नव्हती. त्यांच्या तोंडावर 'नाही' म्हणायची आमच्यापैकी कुणाची छाती झाली नाही, एवढीच गोष्ट.

आमचं मंडळ सांगलीतलं आणि हौशी. म्हणजे दिवसा आपापल्या पोटापाण्याचं बघायचं आणि संध्याकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये जमून संगीत नाटक बसवायचं. दिग्दर्शक होते आमचे सर, हायस्कुलातून निवृत्त झालेले मराठीचे शिक्षक. चाली लावायच्या गायनवर्गाच्या बाई. पेटीवर मी. मी विम्याच्या ऑफिसात नोकरीला, पण ही ओळख मी कुणाला आधी सांगत नाही, कारण विमा म्हटलं की माणसं रस्ता बदलतात. आता माझी बदली साताऱ्याला झालीय आणि पेटी कपाटावर चढलीय. पण सप्टेंबर आला की हात शिवशिवायला लागतात, आणि पहिली आठवण येते ती वस्तादांची.

गणपती उठले की पुढच्या रविवारी आमची चाचणी असायची. येणारा प्रत्येक जण "मी काही गात बित नाही हो, बहिणीनं ओढून आणलं" असं म्हणत यायचा आणि मग खिशातून ज्येष्ठमधाची कांडी नि मोबाइलवरचा तानपुरा दोन्ही एकदम काढायचा. दोन ओळी झाल्या की सर हात वर करायचे. "छान. छान झालं. कळवतो." हे 'कळवतो' म्हणजे नाही, हे सांगलीतल्या तमाम हौशी गायकांना पाठ होतं. ज्याला घ्यायचं त्याला सर तिथंच "उद्यापासून या" म्हणत. बाकीच्यांना कधीच काही कळवलं जात नसे. पुढं कधी मंडईत गाठ पडली तर दोघंही कोथिंबिरीच्या भावावर बोलत आणि तो विषय काढत नसत. सभ्य माणसांची ही रीत, आणि ती बरी चालली होती. वस्तादांना मात्र ती माहीत नव्हती.

ते आले ते सुनेच्या गुलाबी स्कूटीवरून. पलूसजवळच्या गावात त्यांची द्राक्षबाग होती, आणि कुस्तीची तालीम. पोरांना ते कुस्ती शिकवत, म्हणून वस्ताद. साठीला टेकलेले, दारातून आत यायचं तर तिरके होणारे, कुस्तीत फुटून दोन्ही कान गोळा झालेले, डोक्याला कोल्हापुरी फेटा. सरांना वाटलं, शाळेच्या मैदानाचं काही काम असेल.

"कोण पाहिजे आपल्याला?"

"कोण न्हाई. गायला आलोय."

हॉलमधले सगळे चमकले ते उत्तरानं नव्हे, आवाजानं. एवढ्या देहातून बारीक, गोड, सातवीतल्या मुलाचा असावा तसा आवाज आला. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. वस्तादांनी तिकडं वळून शांतपणे सांगितलं, "हसा की. आवाज माझाच हाय, कुणाचा उसना न्हाई."

मग ते व्हरांड्यात गेले आणि बैठका मारून आले. अंग तापल्याशिवाय गळा उघडत नाही म्हणाले. आत येऊन रुमालाची गाठ सोडली. तिच्यात तालमीतली तांबडी माती होती. ती दोन्ही हातांना चोळली, चिमूटभर कपाळाला लावली आणि माझ्या पेटीला हात लावून नमस्कार केला. माती माझ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या फटींत गेली. त्या मातीत हळद, ताक, तेल असं काय काय मुरवलेलं असतं, ती सहजी निघत नाही. मी तेव्हा काय बोलले ते इथं लिहीत नाही. वस्ताद म्हणाले, "रागावू नगासा ताई. चांगली माती हाय. हिच्यात लय मोठी मोठी माणसं पडल्यात."

मग त्यांनी सगळीकडं नजर फिरवली. "माझी जोड कोण?"

जोड म्हणजे समोरचा पैलवान. सरांनी समजावलं की इथं एकट्यानंच गायचं असतं.

"एकट्यानं?" वस्तादांना पटेना. "मंग पाडायचं कुणाला?"

शेवटी एकदाचे ते गायले. भीमपलासातलं जुनं नाट्यपद. सूर खरा होता, हे मी पेटीवर बसून सांगते. ठेक्याशी मात्र त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. तबलजी एकीकडं आणि वस्ताद दुसरीकडं. मुखडा झाला, सरांचा हात वर गेला. "छान. छान झालं. कळवतो."

"कवा?"

हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता. सर गडबडले. "आठवड्याभरात. फोन करू."

"फोन कशाला? मी समोरच हाय की."

आणि ते खरंच समोर बसून राहिले. चाचणी संपली, सतरंज्या गोळा झाल्या, तरी भिंतीला टेकून बसलेले. आठवड्यानं पुन्हा आले. सर मागच्या दारानं गेले. तिसऱ्या खेपेला सर सापडले, तेव्हा म्हणाले, "अजून विचार चाललाय."

"करा की, निवांत करा. मी बसतो."

ते पुढं चार वर्षं बसले. रिहर्सल असली की गुलाबी स्कूटी शाळेच्या फाटकात हजर. कुणी विचारलं की तुम्हाला कुठली भूमिका, तर म्हणायचे, "आमची चाचणी चालू हाय." पाठ जमिनीला लागेपर्यंत पैलवान हरत नाही, आणि आमच्यातल्या कुणी त्यांची पाठ लावली नव्हती. त्यांच्या हिशेबानं कुस्ती चालूच होती. सरांना मी एकदा म्हटलंसुद्धा, की सांगून टाका. सर म्हणाले, "तूच सांग." मी पेटी पुसायला घेतली.

आमच्या प्रत्येकाला त्यांनी नाव ठेवलं होतं. मी पेटीवाल्या ताई. आमचा नायक स्टँडजवळ मेडिकलचं दुकान चालवायचा, तो औषधवाला. सर तेवढे सरच राहिले, कारण शिक्षकाला दुसरं नाव ठेवायचं नसतं असं त्यांचं मत. खुर्चीवर ते बसत नसत. आमच्या शाळेच्या खुर्च्या बघता तेच बरं होतं. खिशात कायम घरचे बेदाणे. कुणाचा गळा बसला, कुणाचं भांडण झालं, कुणाच्या मुलाला मार्क कमी पडले, सगळ्यावर मूठभर बेदाणे. बाईंना मात्र त्यांनी एकदा कळवळून सल्ला दिला, की सकाळी दोन कच्ची अंडी दुधात घाला, आवाज कसा खणखणीत होतोय बघा. बाई माळकरी. त्या दोन आठवडे त्यांच्याशी बोलल्या नाहीत, आणि चहासुद्धा त्यांच्याकडं पाठ करून प्यायल्या.

गाणं ते कुस्तीच्या भाषेत ऐकायचे. तान घेताना कुणी कचरलं की ओरडायचे, "अर्ध्यात सोडू नगंस! डाव टाकलास तर पुरा टाक!" सम गाठली की आपल्या मांडीवर अशी थाप मारायचे की तबलजी दचकायचा. बाईंना पहिल्यांदा हे सगळं ओंगळ वाटलं. पण वर्षभरानं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, बाई गायनवर्गातल्या एका मुलीला सांगत होत्या, "अगं, वरच्या षड्जाला असं घाबरत घाबरत नाही जायचं. पट काढायचा त्याचा!" पट काढणं हा वस्तादांचा पाय धरून उलथवायचा डाव; तो तोंडून निसटला म्हणून माझ्याकडं बघून लाजल्या.

दर वर्षीच्या चाचणीला वस्ताद फेटा बांधून दाराशी बसत. आतून कुणी पडक्या चेहऱ्यानं बाहेर आलं की विचारत, "लागला निकाल?"

"कळवतो म्हणाले."

"मंग बस हितं. मी बी त्यासाठीच बसलोय."

एका वर्षी दुपारपर्यंत त्यांच्या शेजारी अशी सातआठ माणसं ओळीनं बसलेली होती. सर चहाला बाहेर आले आणि ती ओळ बघून तसेच आत गेले. ती माणसं हळूहळू चपला शोधत पांगली. वस्ताद उरले.

औषधवाल्याचं गाणं मुळात चांगलं, पण दम नव्हता. लांब तान आली की मध्येच श्वास घ्यायचा आणि नेमका नको तिथं. वस्तादांनी महिनाभर ऐकलं आणि एक दिवस त्याच्या पोटात बोट खुपसलं. "कंबरंच्या वर तू गवई हायस. खाली कायच न्हाई. उद्यापास्नं तालमीत ये."

तो बिचारा रोज पहाटे मोटारसायकलवरून पलूसला जायला लागला. त्याच्या बायकोनं मला फोन केला, "ताई, हे नाटकात गाणार आहेत का कुस्ती मारणार आहेत?" पण पावसाळा संपेपर्यंत गडी बदलला. खांदे खाली आले, श्वास पोटातून यायला लागला. पुढच्या वर्षीचा आमचा प्रयोग साताऱ्याला होता. तिथं दुसऱ्या अंकातली लांब तान त्यानं एका दमात घेतली आणि वन्समोअर आला. मी पेटीवरून विंगेत पाहिलं, तर वस्ताद स्वतःचं तोंड दोन्ही हातांनी दाबून उभे होते. ओरडू नये म्हणून.

त्याच प्रयोगाहून परत येताना कराडच्या अलीकडं चहाला थांबलो होतो. सकाळची उन्हं अंगावर घेत सगळे निवांत. मी वस्तादांना विचारलं, "गाण्याची एवढी हौस होती तर आधी का नाही गायलात?"

"वस्तादांला शब्द दिला हुता." म्हणजे त्यांच्या वस्तादांना. "पोरगा हुतो तवा. थंडाई घोटाय बसलं की मी गुणगुणायचो. डेअरीवर रेडिओ असायचा, त्यावरनं पदं पाठ झाल्याली. एक दिस वस्तादांनी ऐकलं. म्हणले, गळा राखणार का मान राखणार? दोन्ही न्हाई जमायचं. गाणाऱ्याचा दम गाण्यात जातो. मी पाय धरलं. म्हणलं, तुमी हाय तवर न्हाई गाणार."

"मग?"

"मंग काय," वस्ताद म्हणाले, "वस्ताद लय जगले."

आम्ही सगळे मोठ्यानं हसलो. तेही हसले. मग बशीतला चहा फुंकत म्हणाले, "शेवटाला त्यांस्नी ऐकायला बी येत नव्हतं. मीच आंघूळ घालायचो. शेजारी बसून गायलो असतो तरी कळलं नसतं. पण शब्द काय कानाला दिला नव्हता न्हवं." त्यानंतर कुणी हसलं नाही. मला त्या क्षणी या माणसाविषयी इतकी माया वाटली, की पेटीतली माती मी त्यांना कायमची माफ केली.

त्या वर्षी आमच्या नाटकाला बक्षीस मिळालं. हॉलमध्ये घरगुती सत्कार होता. शिऱ्याचा वास सुटला होता. सर बोलायला उभे राहिले आणि बोलता बोलता भरून आले. म्हणाले, यंदाचं यश औषधवाल्याच्या गळ्याचं आहे, पण त्यापाठीमागं वस्तादांची मेहनत आहे. म्हणून पुढच्या वर्षीच्या नाटकात सूत्रधार वस्तादच. चाचणी वगैरे काही नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा हात लाल होईपर्यंत वाजवल्या.

वस्ताद उभे राहिले. मला वाटलं, फेटा काढून सरांच्या पायावर ठेवतात की काय. पण चेहरा पार उतरलेला.

"कुणाला पाडलं मी?" त्यांनी विचारलं.

टाळ्या थांबल्या.

"न्हाई, कुणाला पाडलं म्हणून मला हे देतासा? सर, चार वर्सं मी हितं बसलोय ते चहाला न्हाई. तुमी मला एकदा बी शेवटपतुर ऐकलं न्हाई. मुखडा झाला की छान. कळवतो. आमच्यात छान म्हणून कुणाला सोडत न्हाईत. पाडत्यात, न्हाईतर पडत्यात. मला तुमी पाडलं बी न्हाई आन् घेतलं बी न्हाई. आता दया आली म्हणून फेटा बांधतासा. मला सूत्रधार नगं. मला निकाल पायजे."

शिरा ताटल्यांत तसाच राहिला. सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "ठीक आहे वस्ताद. चाचणी होईल. पूर्ण होईल."

"आन् जोड पायजे."

"कोण?"

वस्तादांनी औषधवाल्याकडं बोट केलं. "ह्योच. ह्याच्यापरीस तगडा कोण हाय हितं?"

गणपतीनंतरचा रविवार उजाडला. बातमी फुटली होती, त्यामुळं सूत्रधारासाठी तिसरं कुणी आलंच नाही, पण बघायला निम्मी सांगली आली होती. नव्या नाटकातलं सूत्रधाराचं पद दोघांनीही गायचं होतं, अंतऱ्यासकट, पुरं. मत तिघांचं: सर, बाई आणि मी. वस्तादांची अट होती की मत तिथंच, सगळ्यांसमोर, तोंडानं सांगायचं.

औषधवाला आधी गायला. मुखडा बरा झाला. पण अंतऱ्यात तो लांब तानेशी आला आणि मध्येच श्वास तुटला. सावरला, पुढं पुन्हा तुटला. मी पेटी वाजवत होते, मला वाटलं घाबरलाय. एवढ्यात वस्ताद सतरंजीवरून उठले.

"थांब."

तबला थांबला.

"नुरा खेळतोस व्हय रं?"

नुरा कुस्ती म्हणजे आधी ठरवून हरलेली कुस्ती. तिच्याइतकी मोठी शिवी त्या मातीत नाही. मैदानात लोक अशा पैलवानावर चपला फेकतात. औषधवाल्यानं मान खाली घातली. "वस्ताद, तुम्हालाच मिळावं असं वाटलं म्हणून..."

"माझ्या हातानं तयार केल्याला दम हाय त्यो. कुठं तुटतोय आन् कुठं तू तोडतोस, मला कळत न्हाई?" एवढं संतापलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "तू सवताला पाडून घेतलंस तर मी काय जिंकलो? माझी चार वर्सं मातीत घालतोस लेका. परत म्हण. हितं, माझ्यासमोर बस. आन् मला पाडायचंच म्हणून म्हण."

ते दोघं समोरासमोर बसले, गुडघ्याला गुडघा लागेल असे. औषधवाला रडत होता. डोळे पुसून तो पुन्हा गायला, आणि काय गायला! तान आली तशी त्यानं एका दमात घेतली, वरचा षड्ज धरला, आणि समेवर येऊन थांबला तो वस्तादांच्या डोळ्यांत बघत. हॉलमध्ये टाळी वाजवायचं भान कुणाला राहिलं नाही.

मग वस्ताद गायले. बैठका मारायची गरज पडली नाही, संतापानंच अंग तापलं होतं. मी पेटीवर काळी चारची पट्टी धरली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आम्ही त्यांना मुखड्याच्या पुढं ऐकत होतो. तो बारीक आवाज अंतऱ्यात असा उघडला की बाईंनी डोळे मिटले. सुरात एक कणही खोटा नव्हता. फक्त दुसऱ्या आवर्तनात ठेका निसटला, ते एक मात्रा आधी आले, आणि शेवटपर्यंत ती मात्रा त्यांना सापडली नाही.

गाणं संपलं. आता मतं.

सर म्हणाले, "वस्ताद."

बाईंनी वस्तादांकडं पाहिलं. मग हात जोडून म्हणाल्या, "औषधवाला."

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. माझ्या जिभेवर वस्तादांचंच नाव होतं. तेच म्हणायचं होतं मला. म्हटलं असतं तर हॉल डोक्यावर घेतला असता सगळ्यांनी, आणि मलाही आनंदच झाला असता. मी त्यांच्याकडं पाहिलं. ते माझ्याकडं आशेनं बघत नव्हते. पैलवान पंचाकडं बघतो तसं सरळ बघत होते. खोटं मत दिलं तर ते ओळखतील, याची मला खात्री होती, आणि ओळखल्यावर पुन्हा या हॉलची पायरी चढणार नाहीत, याचीही.

"औषधवाला," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले. "वस्ताद, दुसऱ्या आवर्तनात तुमचा ठेका सुटला."

"कुठं?"

मी पेटीवर ती जागा वाजवून दाखवली. तबलजीनं बोटानं मात्रा मोजली. वस्तादांनी मान तिरकी करून ऐकलं. "परत वाजवा." मी परत वाजवली.

"व्हय," ते म्हणाले. "पाय निसटला माझा तितं."

ते उठले, गुडघ्यावर हात टेकत. औषधवाल्याला उठवलं, छातीशी धरलं आणि त्याचा हात वर करून सगळ्यांना दाखवला. मग टाळ्या झाल्या, आणि तेव्हा कुठं माझ्या डोळ्यांना पाणी आलं. गर्दी पांगल्यावर मी त्यांना फाटकाशी गाठलं. "वस्ताद, वाईट वाटलं का?"

"वाटलं की. लय वाटलं." स्कूटी बाहेर काढताना ते थांबले. "पण ताई, मला आज पैलवान म्हणून पाडलंसा तुमी. बाकीची समदी नुसती छान म्हणत हुती."

सोमवारी रिहर्सल सुरू झाली. औषधवाला आला, बाई आल्या, सर आले. भिंतीकडची वस्तादांची जागा रिकामी होती. चार वर्षांत असं झालं नव्हतं. आधी वाटलं, उशीर झाला असेल. चहा आला, प्यायला, तरी कुणी सुरुवात करीना. शेवटी सरांनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

"वस्ताद, येताय ना?"

"आता कशाला सर? निकाल लागला न्हवं." तिकडून तो बारीक आवाज आला, अगदी मजेत. "हरल्याल्या पैलवानानं आखाड्यात बसून ऱ्हायचं नसतं. घरी जाऊन मेहनत करायची असती. पुढच्या वर्सी येतो की. औषधवाल्याला म्हणावं, तयारीत ऱ्हा."

वस्तादांनी "बरं हाय" म्हटलं आणि फोन बंद करायचा विसरून कुठंतरी ठेवून दिला. सुनेनं त्यांच्यासाठी दुसऱ्या मोबाइलवर तबला लावून दिला असावा, कारण ठेका ऐकू यायला लागला. मग वस्ताद गायला लागले, तेच सूत्रधाराचं पद. दुसऱ्या आवर्तनाशी आले आणि एक मात्रा आधी पडले. थांबले. "हात् लेका," स्वतःलाच म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून.

पुन्हा पडले. पुन्हा पहिल्यापासून.

आम्ही सगळे त्या फोनभोवती बसून होतो. बाई मांडीवर बोटांनी मात्रा मोजत होत्या. औषधवाल्यानं डोळे मिटले होते. मी रडत होते आणि ते लपवायचं मला काही कारण दिसत नव्हतं. रिहर्सलची वेळ केव्हाच उलटून गेली होती. फोन कुणी बंद केला नाही.